पाप कोणाचे?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एका गृहस्थांचे दफन झाले. वय अवघे बावन्न. यकृत निकामी झाले होते, आणि ते कशाने निकामी झाले हे सर्वांना ठाऊक होते. त्याच कारणासाठी अकरा वर्षांपूर्वी पंचकमिटीने त्यांचे नाव प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांच्या यादीतून कमी केले होते. पाळकसाहेबांनी तरीही विधीत काही उणे ठेवले नाही. माती टाकून झाली, शेवटचे गीत झाले, आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर मंडळी रिक्षांची वाट पाहत उभी राहिली तेव्हा बोलणे निघाले.

एक पंच म्हणाले, "दारू त्याने स्वतःच्या हाताने घेतली. कोणी तोंडात ओतली नाही."

मयताच्या शेजारी लहानाचे मोठे झालेले दुसरे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "त्याचा बाप तुम्ही पाहिला नाहीत. आम्ही पाहिला. पाहिला म्हणजे काय, ऐकला. मधे एकच भिंत होती."

"मग थोरला भाऊ कोणाचा? त्याच बापाचा ना? तो हेडमास्तर होऊन रिटायर झाला."

तेवढ्यात रिक्षा आली आणि विषय तेथेच राहिला.

आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातले शिष्य जणू त्या फाटकाशीच उभे होते असे आम्हांला वाटत राहिले. वाटेत जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्यांना पहिला प्रश्न सुचतो तो हा की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोन्ही पर्याय बाजूला सारतो, मातीचा चिखल करतो आणि कामाला लागतो. त्या अध्यायात एकेचाळीस वचने आहेत. बरे करण्याचे काम दोन वचनांत आटोपते. उरलेला बहुतेक अध्याय शेजाऱ्यांच्या आणि परूश्यांच्या चौकशीने भरलेला आहे. आमच्या मंडळ्यांच्या सभांचे कार्यवृत्त चाळले तर प्रमाण याहून फार निराळे निघेल असे वाटत नाही.

या जुन्या प्रश्नाला अलीकडच्या काळात एका शास्त्राने निराळ्या बाजूने हात घातला आहे. साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे म्हणून ते शास्त्र वाढीस लागले. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी कोणत्या घरी किती माणसे मेली आणि ती घरे पाणी कोठून भरत होती हे मोजले, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवले. मेलेली माणसे देवभीरू होती की नव्हती हे त्यांनी विचारले नाही. पाणी कोठून येते एवढेच विचारले. त्याच रीतीने आज हे तज्ज्ञ मनाच्या दुखण्याकडे पाहतात. लहानपणी बसलेला घाव चाळिसाव्या, पन्नासाव्या, सत्तराव्या वर्षी माणसाचे काय करतो, हे ते हजारो माणसांच्या आयुष्यांवरून मोजतात.

या कामातील सर्वांत गाजलेल्या अभ्यासाची सुरुवात लठ्ठपणाच्या दवाखान्यात झाली, हे वाचून आम्हांला प्रथम आश्चर्य वाटले. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात कैझर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा उपक्रम चालवीत होते. १९८५ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की उपचार सोडून जाणाऱ्यांत पुष्कळजण असे आहेत की ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत होते. ज्याला गुण येतो आहे त्याने औषध टाकून पळावे, हे कोडे त्यांना सुटेना. ते एकेकाला बोलावून प्रश्न विचारू लागले. एकदा एका बाईला, पहिला शरीरसंबंध आला तेव्हा वय किती होते असे विचारायचे, ते चुकून वजन किती होते असे विचारले गेले. बाई म्हणाली, चाळीस पौंड. आणि रडत रडत तिने सांगितले की तो माणूस तिचा बाप होता. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. आपल्या घरातील कोणत्या मुलाचे वजन अठरा किलो आहे हे वाचकांनी क्षणभर आठवावे. आम्ही त्याहून अधिक लिहीत नाही.

पुढे २८६ रुग्णांशी बोलणे झाले आणि अशा कहाण्या एकामागून एक निघाल्या. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तो यांच्यापैकी कित्येकांचा आसरा होता. जाड शरीराकडे कोणी वाईट नजरेने पाहत नाही, म्हणून ते शरीर जाड राहत होते. ते उतरू लागले की भीती परत येई. १९९० साली फेलिटी यांनी हे अटलांटा येथील तज्ज्ञांच्या सभेत मांडले तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. रुग्ण आपल्या फसलेल्या आयुष्याला सबबी शोधतात, असे त्यांना ऐकवण्यात आले. फाटकाबाहेरचे आमचे पंच काही फार वेगळे बोलले नव्हते.

परंतु तेथूनच सरकारी रोगनियंत्रण केंद्रातील साथरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याशी त्यांची गाठ पडली. अँडा मोजणारे गृहस्थ. दोघांनी मिळून ठरवले की नुसत्या कहाण्या पुरेशा नाहीत. जे कोणी सर्वसाधारण तपासणीसाठी येतात त्या सर्वांनाच विचारावे. १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांनी उत्तरे दिली. प्रश्न वयाच्या अठरा वर्षांपूर्वीचे होते. घरात मार, अपमान, किंवा कोणाचा नको तो स्पर्श सोसावा लागला काय. आईला मारहाण होत होती काय. घरात कोणी दारुडे, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेले होते काय. पुढे यांत उपासमार आणि दुर्लक्ष, तसेच आईबापांची ताटातूट, हेही धरले गेले. प्रत्येक प्रकारास एक गुण. प्रसंग किती वेळा घडला याचा हिशेब नाही. आणि ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय, शिकलेली, नोकरी आणि विमा असलेली, सरासरी पन्नाशी ओलांडलेली. आपल्या मंडळ्यांतून कोटटाय घालून पुढच्या बाकावर बसतात तशी.

मे १९९८ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्यात साडेनऊ हजार लोकांची उत्तरे होती. निम्म्याहून अधिकांनी निदान एक प्रकार सांगितला होता. ज्यांना एकही गुण नव्हता त्यांच्यात स्वतःला दारूचे व्यसनी म्हणवणारे शंभरांत सुमारे तीन होते. ज्यांना चार किंवा अधिक गुण होते त्यांच्यात शंभरांत सोळा. आत्महत्येचा प्रयत्न केलेले पहिल्या गटात शंभरांत एक, दुसऱ्यात अठरा. दीर्घ उदासीनतेचा काळ पहिल्या गटात शंभरांत चौदांनी भोगला होता, दुसऱ्यात निम्म्या लोकांनी. हृदयविकारसुद्धा वाढलेला आढळला. अँडा यांनी पुढे सांगितले आहे की हे आकडे प्रथम हाती आले तेव्हा ते रडले. आकड्यांवर रडणारा माणूस आम्हांला आवडला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या आकड्यांवरून आमच्या मयत बंधूचा दोष कमी होतो काय?

प्रथम मोह होतो तो हो म्हणण्याचा. बाप तसा, म्हणून मुलगा असा. शास्त्राने सिद्ध केले. बिचाऱ्याचा काय अपराध? पण आकडे नीट वाचले तर ते असे म्हणत नाहीत. शंभरांत सोळा व्यसनी झाले, म्हणजे चौऱ्याऐंशी झाले नाहीत. ज्यांचे लहानपण होरपळले त्यांतले बहुतेक पुढे आपापली घरे सांभाळून आहेत. अशा माणसाला, तू तुझ्या बापाच्या हातची माती, तुझा इलाज नाही, असे सांगणे म्हणजे दया करण्याच्या नावाखाली त्याचे माणूसपण काढून घेणे होय. बंदिवासातील इस्राएल लोकांत बापांनी आंबट द्राक्षे खाल्ल्याची एक म्हण चालत असे, आणि यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या अठराव्या अध्यायात ती म्हण बोलायची नाही असे परमेश्वराच्या नावाने बजावले आहे. देव मुलाला बापाच्या खात्यावर मांडत नाही. दुसरीकडे, दहा आज्ञांतच तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचा उल्लेख आहे. पवित्र शास्त्रातील ही दोन्ही स्थळे एकमेकांस खोडतात असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही. एक स्थळ वारशाविषयी बोलते, दुसरे आरोपाविषयी. घाव वारशाने येतो. दोष वारशाने येत नाही.

दुसरा मोह याच्या उलट आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांत अधिक चालतो. चौऱ्याऐंशी तरले ना, मग सोळांनी का तरू नये? भाऊ हेडमास्तर झाला, मग याला काय झाले होते? यातली चूक एका गावठी उदाहरणाने दिसेल. गावाबाहेर पाणंदीला लागून विहीर आहे आणि तिचा कठडा पडलेला आहे. रात्री त्या वाटेने शंभर माणसे जातात आणि सोळा पडतात. कठडा धड असलेल्या दुसऱ्या विहिरीत शंभरांतली तीन पडतात. पडणाऱ्याने पायाखाली पाहायला हवे होते, हे खरे. चौऱ्याऐंशी धडपणे गेले, हेही खरे. म्हणून कठड्याची गरज नव्हती असे मात्र ठरत नाही. सोळांतून तीन वजा केले की तेरा उरतात, आणि ती तेरा माणसे कठड्याच्या हिशेबी धरली पाहिजेत. त्यांतला अमका माणूस कठड्यामुळे पडला की स्वतःच्या बेपर्वाईने, हे गणिताला कधीच सांगता येणार नाही. गणिताला फक्त कठडा दिसतो.

आणि येथेच आम्हांला वाटते की फाटकाबाहेर वाद घालणारे दोघेही चुकीच्या माणसाविषयी बोलत होते. साथरोगतज्ज्ञाचा आकडा एकट्या माणसाला दोषी ठरवू शकत नाही आणि निर्दोषही ठरवू शकत नाही. तो त्या कामाचाच नव्हे. तो गावाशी बोलतो. पाप याचे की याच्या बापाचे, या प्रश्नात एक तिसरा पक्ष गाळला गेला होता: जे भिंतीपलीकडून ऐकत होते ते.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. त्याला आधार आहे. चोवीस देशांतील सुमारे ६९,००० प्रौढांना विचारून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की शंभरांतील सत्तर माणसांच्या वाट्यास आयुष्यात केव्हा ना केव्हा मोठा आघात येतो: अपघात, हिंसा, प्रियजनाचा अवचित मृत्यू. पण हार्वर्डच्या साथरोगतज्ज्ञ कॅरेस्टन कोनेन आणि त्यांचे सहकारी यांनी पुढल्याच वर्षी अशा पाहण्यांवरून दाखवले की आघात सोसलेल्यांपैकी शंभरांत सहासुद्धा नाहीत, इतक्यांनाच त्या आघाताचा मनोविकार जडतो, म्हणजे तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, दचकणे, माणसे टाळणे. घाव सर्वत्र आहे, चिघळतो थोड्यांचा. मग तो कोणाचा चिघळतो? २००० साली लंडनचे ख्रिस ब्रूइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ निबंध एकत्र करून हाच प्रश्न तपासला. घावापूर्वी माणूस कसा होता, त्याचे शिक्षण किती, त्याच्या घराण्यात वेड होते काय, यांपेक्षा घाव बसल्यानंतर त्याला माणसांचा आधार मिळाला की नाही, याला अधिक वजन निघाले.

हवाई बेटांतील कौआई येथे एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, भांडणे, दारू, आजारी आईबाप अशा अनेक संकटांत एकदम सापडलेल्या मुलांपैकी एकतृतीयांश मुले धडधाकट, प्रेमळ, कर्तबगार निघाली. त्यांच्या आयुष्यात जवळजवळ नेहमी एखादे तरी माणूस सापडे: आजी, मावशी, शिक्षिका, शेजारी, चर्चमधील कोणी वडीलधारे. फार मोठे काही त्या माणसाने केलेले नसे. ते तेथे असे, आणि उद्याही असे. विशेष म्हणजे जी मुले सोळा-सतराव्या वर्षी वाया गेल्यासारखी वाटत होती त्यांतीलही पुष्कळ तिशी-चाळिशीत सावरलेली दिसली. कोणाला शिक्षणाची दुसरी संधी मिळाली, कोणाला भला जोडीदार, कोणाला मंडळी. आमच्यासारख्या पंचकमिटीत बसणाऱ्या लोकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आम्ही नाव कमी केले तेव्हा तो माणूस एक्केचाळीस वर्षांचा होता.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण उत्साही लोकांची आम्हांला धास्ती वाटते. हे वाचून एखादा तरुण संघ शिबिरात दहा प्रश्नांचा कागद वाटील आणि मुलांचे गुण काढील. तसे करू नये. खुद्द अँडा यांनी २०२० साली लिहून बजावले आहे की हा गुणांक लोकसमूहासाठी आहे, एकेका माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाही. एकाचा एक गुण दुसऱ्याच्या पाच गुणांहून भयंकर असू शकतो. शिवाय आठवणीचे शास्त्रही सरळ नाही. अमेरिकेतील ज्या मुलांच्या छळाची १९६७ ते १९७१ च्या दरम्यान न्यायालयांत नोंद झाली होती, त्यांचा कॅथी विडम यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्या आणि आंद्रेआ दानेसे यांच्या २०२० च्या निबंधात आढळले ते असे की ज्यांची नोंद होती पण ज्यांनी मोठेपणी छळ सांगितला नाही, त्यांच्यात मनोविकार फारसे वाढलेले नव्हते. आणि ज्यांना छळ आठवत होता त्यांच्यात ते वाढलेले होते, न्यायालयात नोंद असो वा नसो. यावरून नोंद नसलेले खोटे बोलतात असे कोणी समजू नये; न्यायालयापर्यंत पोचते ते किती थोडे, हे आपण जाणतो. पण माणूस आपला घाव मनात कोणत्या अर्थाने वागवतो याला फार महत्त्व आहे, असे यावरून दिसते. आणि तो अर्थ पुष्कळदा आम्हीच पुरवतो. देवाने तुझी परीक्षा पाहिली. तुझेच काही चुकले असेल. घरातले घरात ठेव. असे अर्थ आमच्या मंडळ्यांत फुकट वाटले जातात.

तसेच साक्ष देण्याच्या आग्रहाचे. ज्याच्यावर आघात झाला त्याला ताबडतोब बसवून सर्व बोलायला लावले की मन मोकळे होते, अशी एके काळी तज्ज्ञांचीही समजूत होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात त्या एका बैठकीने विकार टळत नाही असे दिसले. काहींची स्थिती उलट बिघडल्याचे आढळले. तेव्हा प्रार्थनासभेत कोणाला उठवून, बहिणी, सांग तुझी कहाणी, असे म्हणण्याआधी दहादा विचार करावा. आणि तरीही न विचारणे हाही उपाय नव्हे. फेलिटी यांच्या केंद्रात प्रश्नपत्रिका भरल्यावर एका म्हाताऱ्या बाईने पत्र लिहून आभार मानले होते. आपण मरून जाऊ आणि काय घडले हे कोणालाच कळणार नाही, अशी भीती तिने जन्मभर बाळगली होती. तिला सभा नको होती. एक विचारणारे माणूस हवे होते, तेही बंद दाराआड, आणि ऐकून दचकणार नाही असे.

हे सर्व अमेरिकेचे झाले, आपल्याकडे असे नसते, असे म्हणणारे वाचक असतील. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांत १२,४४७ मुलांना विचारले गेले. त्यांत गोवा होते, महाराष्ट्र होते, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेव्हाचे अखंड आंध्र प्रदेशही होते. म्हणजे आमचे पणजी, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादचे वाचक ज्या राज्यांत राहतात ती सर्व. कर्नाटक नव्हते, म्हणून बेळगावकरांनी फार हायसे वाटून घेऊ नये. तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता. शंभरांत त्रेपन्न मुलांनी लैंगिक छळाचा कोणता तरी प्रकार सांगितला. छळणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासाचे होते. आणि बहुतेक मुलांनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

सांगितली असती तर काय झाले असते? येथे आम्हांला आमचाच दोष सांगितला पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी मंडळीतील एक आई आपल्या मुलीविषयी आमच्याकडे आली. मुलगी बारा वर्षांची, आणि दोष घरातल्याच एका वडीलधाऱ्या नातलगाचा. त्या गृहस्थांचे मंडळीत नाव होते. आम्ही प्रार्थना केली. मग आम्ही क्षमेविषयी बोललो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो की भावाला कितीदा क्षमा करावी, ते वचन आम्ही उघडून वाचले. बाई डोळे पुसत गेली. पुढे ती मंडळीत येईनाशी झाली आणि मुलीला मामाकडे पाठवल्याचे कळले. तो अध्याय आम्ही पुष्कळ वर्षांनी पुन्हा सबंध वाचला तेव्हा ध्यानात आले की पेत्राचा प्रश्न एकविसाव्या वचनात येतो. सहाव्या वचनात लहानग्यांविषयी आणि जात्याच्या तळीविषयी प्रभू जे बोलला ते आम्ही त्या दिवशी वगळून पुढे गेलो होतो. एकाच पानावर होते. शिवाय क्षमा मागायला तो नातलग आलाच नव्हता. ज्याने मागितली नाही त्याची क्षमा बारा वर्षांच्या मुलीकडून आम्ही वसूल करू पाहत होतो, आणि त्यामुळे मंडळीत शांतता राहील हा हिशेब आमच्या मनात नव्हता असे आज शपथेवर सांगता येणार नाही.

आज तर तसे करण्याची मुभा कायदाही देत नाही. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अशी गोष्ट कळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. यातून पाळक सुटत नाहीत, पंच सुटत नाहीत, शाळेचे व्यवस्थापकही सुटत नाहीत. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. संडे स्कूलच्या भिंतीवर बोधवचनाच्या तक्त्याशेजारी तो लिहून ठेवायला दोन रुपयांचा खडू पुरतो. आमच्याकडे तो लिहायला तीन सभा लागल्या. मुलांच्या मनात नसते विचार भरतील, अशी हरकत निघाली होती.

फाटकाबाहेर बोललेले ते शेजारी काही दिवसांनी आम्हांला भेटले. भिंतीपलीकडून ऐकत होतात, मग तुमच्या घरचे काय करीत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "रेडिओ मोठा करीत. वडील म्हणत, दुसऱ्याच्या घरात आपण पडू नये."

थोरले भाऊ, हेडमास्तर, दफनानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे आले. हातात एक कागद होता, पण तो त्यांनी लगेच दिला नाही. आधी बोलले. चौदाव्या वर्षी त्यांना मिशनच्या बोर्डिंगात घातले होते; धाकटा पाच वर्षांचा, तो घरीच राहिला. सुट्टी लागली की बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट त्यांना विचारीत, घरी जातोस की इथे थांबतोस? ते थांबत, आणि सुपरिंटेंडेंटच्या बाई त्यांना जेवायला आत बोलावीत. एवढेच. "कारण त्यांनी कधी विचारले नाही," हेडमास्तर म्हणाले, "पण त्यांना कळले होते." मग म्हणाले की एकसष्टाव्या वर्षी अजून दिवा घालवून झोप येत नाही. बायकोला इतकी वर्षे वाचनाची सबब सांगितली. आम्ही ज्यांना चौऱ्याऐंशींत मोजत होतो त्यांपैकी हे एक. आणि ते सारखे एकच बोलत होते: "सुट्टीत मी घरी गेलो असतो तर निदान दोघे असतो."

कागद म्हणजे पंचकमिटीच्या नावे अर्ज होता, हेडमास्तरांच्या सुवाच्य अक्षरात. वार्षिक अहवालात वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्या सभासदांची यादी छापली जाते, तीत आपल्या भावाचे नाव यावे, एवढी मागणी त्यात होती. नियमाप्रमाणे ते येत नाही. नाव कमी केलेला माणूस सभासद नव्हे. एका पंचाचे म्हणणे असे की मेल्यावर नाव घालायचे तर शिस्तीला अर्थ काय राहिला. दुसऱ्या एका बाईंनी विचारले की अकरा वर्षांपूर्वी नाव कमी करण्याआधी त्यांच्या घरी कोण कोण गेले होते, ते कार्यवृत्तात पाहावे. पाहिले. ठराव आहे, सूचक आहे, अनुमोदक आहे. भेटीची नोंद नाही. अनुमोदक आम्ही होतो. अर्ज येत्या सभेपुढे आहे.